दार कोणत्या हाताला?
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मला पापडाचे प्रमाण विचारा, सांगते. भाषण मला कुठले यायला?" माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यानंतर जे काही शिकले ते चुलीपुढे आणि आपल्या या मंडळात. पण त्या म्हणाल्या, "संक्रांतीच्या आधीच्या सभेत ज्यावरून वाद झाला, त्याविषयीच बोला. तुमच्या मनात काहीतरी आहे, हे मला त्या दिवशीच दिसले." मग मला नाही म्हणवेना.

शेजारच्या भगिनीही आज आल्या आहेत, म्हणून तो वाद थोडक्यात सांगते. हळदीकुंकवाच्या निमंत्रणात 'सर्व सुवासिनींना' असे छापायचे की 'सर्व भगिनींना', एवढाच प्रश्न होता. एकीचे म्हणणे पडले की ज्यांचे यजमान गेले त्यांनाही बोलवावे. त्यावर दुसरी म्हणाली, "ही आपली रीत आहे. ज्याची त्याची संस्कृती ज्याच्या त्याच्या जागी बरोबर असते. बाहेरच्यांनी आपल्याला शिकवू नये." कोणालाच पुढे बोलता येईना आणि सभा तशीच उठली.

घरी आल्यावर मी ही हकीकत मुलीला सांगितली. ती कॉलेजात समाजशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आई, त्या बाई जे बोलल्या त्याला आमच्या पुस्तकात नाव आहे. सांस्कृतिक सापेक्षतावाद. पण त्यांनी ते अर्धेच सांगितले." झाले! त्या दिवसापासून मी तांदूळ निवडत बसे आणि ती मला आपल्या वह्यांतले वाचून दाखवी. कळले नाही तर मी पुन्हा विचारी. त्यातून मला जे उमगले ते माझ्या भाषेत आपल्यापुढे ठेवते. चुकले तर पदरात घ्यावे.

आधी 'सापेक्ष' म्हणजे काय ते पाहू. मी इथे आपल्याकडे तोंड करून उभी आहे. या दिवाणखान्याचे दार माझ्या उजव्या हाताला आहे. आपणा सर्वांच्या ते डाव्या हाताला आहे. यात खोटे कोण बोलते? कोणीच नाही. जिने तिने आपापल्या जागेवरून सांगितले. जागेवरून जे ठरते ते सापेक्ष. आता हेच चालीरीतींना लावले, की एखाद्या समाजाची रीत आपल्या जागेवरून पाहू नये, त्या समाजाच्या जागेवर जाऊन पाहावी, तिथे तिचा अर्थ काय, उपयोग काय, हे आधी समजून घ्यावे, असे जे म्हणणे, त्याला सांस्कृतिक सापेक्षतावाद म्हणतात.

याच्या उलट आपण रोज काय करतो? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे! आपले तेवढे सरळ, दुसऱ्याचे ते वेडेवाकडे. शास्त्रात याला स्वसंस्कृतिकेंद्रितता असे भारदस्त नाव आहे. 1906 साली समनर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथातून त्यासाठीचा शब्द रूढ केला. पण ज्याने आपली बाब्या-कार्ट्याची म्हण केली, त्याला ते फार आधी कळले होते! याची दुसरी बाजूही आहे. काही जणांना दुसऱ्याचे तेच सारे चांगले वाटते आणि घरचे सगळे गावंढळ. दुरून डोंगर साजरे. दोन्ही दोष एकाच मुळाचे. दोघांनीही नीट जवळ जाऊन पाहिलेले नसते.

जवळ जाऊन पाहणारा एक माणूस म्हणजे फ्रान्झ बोआस. हा 1858 साली जर्मनीत जन्मला. 1883 साली तो कॅनडाच्या उत्तरेला बॅफिन बेटावर भूगोलाचा अभ्यास करायला गेला. तिथे बर्फात राहणारे लोक, ज्यांना तेव्हा एस्किमो म्हणत आणि आता इन्युइट म्हणतात, त्यांच्यात तो सुमारे वर्षभर राहिला. युरोपातले शिकलेले लोक त्यांना रानटी म्हणत. बोआसने पाहिले, की टंचाई आली तर ते सगळे मिळून उपास काढतात आणि एखाद्याला शिकार मिळाली तर सगळे मिळून खातात. तेव्हा त्याला प्रश्न पडला, की आमच्या सभ्य म्हणवणाऱ्या समाजात यांच्याहून असे थोर काय आहे? पुढे तो अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात मानवशास्त्र शिकवू लागला आणि प्रत्येक समाजाची रीत त्याच्या इतिहासात आणि परिस्थितीत ठेवून पाहा, असे आयुष्यभर सांगत राहिला. रूथ बेनेडिक्ट, मार्गारेट मीड या नामांकित विदुषी त्याच्याच शिष्या.

तशी ही समज त्याच्याही आधीची. ग्रीकांचा इतिहासकार हेरोडोटस सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याने एक गोष्ट लिहून ठेवली आहे. इराणचा बादशहा दरायस याने दरबारातल्या ग्रीकांना विचारले, "किती द्रव्य दिले तर तुम्ही आपल्या मेलेल्या बापाचे मांस खाल?" ते म्हणाले, जगातले सारे द्रव्य दिले तरी नाही. मग त्याने हिंदुस्थानच्या बाजूच्या एका जमातीच्या लोकांना बोलावले. त्यांच्यात म्हणे मेलेल्या आईबापांना खाण्याची चाल होती. त्यांना विचारले, "किती दिले तर तुम्ही बापाला जाळाल?" त्या लोकांनी कानांवर हात ठेवले, असले अभद्र बोलू नका म्हणून. गोष्ट ऐकून मला शिसारी आली. पण मुलगी म्हणाली, "आई, दोघांच्या मनात होते काय? बापाची विटंबना होऊ नये, हेच ना?" मी गप्प झाले. आमच्या शेजारी एक लिंगायत कुटुंब होते. त्यांच्या आजोबांना बसवून पुरले, तेव्हा आमच्या जिन्यात किती कुजबुज झाली होती! त्या घरातल्या बाईंना मात्र आपल्या सासऱ्यांना अग्नीत घालणे सोसले नसते.

आता अगदी आपल्या घरातले उदाहरण देते. माझे माहेर कोकणातले, सासर साताऱ्याकडचे. सासरकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. माझी धाकटी जाऊ ही माझ्या दिरांच्या सख्ख्या मामांची मुलगी. खालच्या मजल्यावरच्या उत्तर प्रदेशातल्या भाभींना हे मी सहज बोलता बोलता सांगितले, तर त्यांच्या हातातली वाटी पडायची राहिली. "अरे राम! बहन से शादी?" त्यांच्याकडे मामाची मुलगी ही बहीणच. मला राग आला. आणि आपण काय करत होतो? त्या भाभी जेठांपुढे डोळ्यांपर्यंत पदर ओढतात, म्हणून त्यांच्या मागे हसत होतो.

या कोड्याचा उलगडा आपल्याच एका विदुषीने केलेला आहे. इरावतीबाई कर्वे. 1930 च्या सुमारास बर्लिनला त्यांनी मानवी कवट्यांचा अभ्यास केला. तिथले त्यांचे मार्गदर्शक वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. पण बाईंनी कवट्या मोजून जे दिसले तेच लिहिले, मार्गदर्शकांना हवे ते लिहिले नाही. पुढे त्यांनी सारा हिंदुस्थान हिंडून नातेसंबंधांचा अभ्यास केला आणि 1953 साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तरेत मुलगी द्यायची ती दूरच्या, अनोळखी घरात. म्हणून तिथे तिला दबून, झाकून राहावे लागते. दक्षिणेत मुलगी बहुधा नात्यातच जाते. सासू म्हणजे आत्या असते, अंगणही ओळखीचे. मग पदर कोणापुढे ओढायचा? आपला महाराष्ट्र या दोहोंच्या मधोमध. म्हणून आपल्याकडे मामाची मुलगी पुष्कळ जातींत चालते, पण आत्याची बहुधा चालत नाही, आणि काहींना दोन्ही वर्ज्य. हे वाचून दाखवले तेव्हा भाभींचा पदर आणि माझ्या जावेचे लग्न या दोन्हींची मला एकदम संगती लागली. दुसऱ्या दिवशी मी भाभींना चहाला बोलावले आणि त्यांच्या लग्नाची हकीकत विचारली. इतक्या वर्षांत ती मी कधी विचारलीच नव्हती.

याहून नवल म्हणजे हा वाद आपल्या धर्मशास्त्रातही आहे. बौधायनाच्या धर्मसूत्रात दक्षिणेकडच्या पाच आणि उत्तरेकडच्या पाच वादग्रस्त चाली दिल्या आहेत. दक्षिणेच्या यादीत मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी लग्न करणे आहे, शिळे खाणे आहे, इतकेच काय, बायकोबरोबर जेवणेही आहे! उत्तरेच्या यादीत लोकर विकणे आणि समुद्रावर जाणे आहे. तिथे म्हटले आहे, की ज्या देशी जी चाल आहे तिथे ती दोषाची नाही, दुसरीकडे केली तर दोष. म्हणजे हा सापेक्षतावादच झाला. पण लगेच पुढे असेही नोंदवले आहे, की गौतमाला हे मान्य नाही. म्हणजे, भगिनींनो, दोन हजार वर्षांमागेही एक म्हणे 'देश तशी रीत' आणि दुसरा म्हणे 'असे कसे?' आपल्या सभेसारखेच! आजचा 1955 चा हिंदू विवाह कायदाही निषिद्ध नात्यातले लग्न मना करतो, पण दोघांच्याही रूढीत चालत असेल तर मुभा देतो. त्याचबरोबर डॉक्टर सांगतात, की जवळच्या रक्ताच्या लग्नात काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो. तो धोका रीत पाहून कमी होत नाही. म्हणून रीत समजून घ्यावी आणि डॉक्टरांचेही ऐकावे.

इथे मी आता मुख्य मुद्द्याकडे येते. समजून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. हे दोन अगदी वेगळे आहेत आणि आपल्या सभेत त्यांचीच गल्लत झाली. रीत तिच्या जागेवर जाऊन पाहा, ही अभ्यासाची पद्धत झाली. पण त्यापुढे जाऊन 'जिथे जे चालते तिथे ते योग्यच, चांगले-वाईट असे काही नसतेच' असे म्हणणे, याला नैतिक सापेक्षतावाद म्हणतात. आणि 'काही गोष्टी साऱ्या मनुष्यमात्राला सारख्याच लागू आहेत' या म्हणण्याला सार्वत्रिकतावाद. मोठमोठ्या विद्वानांचीही इथे ओढाताण झाली. 1947 साली संयुक्त राष्ट्रसंघात मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता, तेव्हा अमेरिकेतल्या मानवशास्त्रज्ञांच्या संस्थेने निवेदन दिले, की पाश्चात्त्यांची मोजपट्टी साऱ्या जगाला लावू नका. त्यांची भीती खोटी नव्हती. गोऱ्यांनी आपल्या मोजपट्टीच्या नावाखाली जगावर राज्य केलेच होते. पण त्याच कामावर आपल्या देशातर्फे हंसाबेन मेहता होत्या. पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारा शब्द होता. त्यांनी आग्रहाने तिथे 'सर्व मानव' असा शब्द घालवला. 10 डिसेंबर 1948 रोजी तो जाहीरनामा मंजूर झाला. म्हणजे तो नुसता गोऱ्यांचा राहिला नाही, त्यात आपल्या एका बाईचाही शब्द आहे. आणि पुढे 1999 साली त्या मानवशास्त्रज्ञांच्या संस्थेनेच मानवी हक्कांच्या बाजूने नवे निवेदन काढले.

मग मी मुलीला विचारले, "अगं, आतून पाहायचे हे खरे, पण आतून म्हणजे कोणाच्या जागेवरून? घरात ओसरीवर बसणारा असतो तशी माजघरात बसणारीही असते. दोघांना घर सारखे दिसते का?" ती म्हणाली, "आई, हाच तर खरा प्रश्न आहे." आणि हा प्रश्न मला का सुचला, ते आज आपल्यापुढे सांगते. सांगणे सोपे नाही.

आमच्या घरी यजमानांच्या आत्या राहत. विसाव्या वर्षी त्यांचे यजमान गेले आणि त्या माहेरी आल्या. मला स्वयंपाक त्यांनीच शिकवला, माझ्या दोन्ही बाळंतपणांत रात्री त्यांनीच जागून काढल्या. दर संक्रांतीला तिळगूळ त्याच करीत, वाणाच्या वस्तू त्याच लावून ठेवीत, आणि बायका यायची वेळ झाली की न सांगता मागच्या खोलीत जाऊन बसत. बाहेर हसणे, उखाणे, अत्तर. आत आत्या. मला यात काही वावगे दिसत नसे. रीतच ती.

एका संक्रांतीला माझी मुलगी, नऊ वर्षांची असेल, हळदीकुंकवाची तबकडी घेऊन आत गेली. "आत्याआजीला राहिलं," म्हणाली. मी धावले आणि चार बायकांदेखत तिच्या हातातली तबकडी ओढून घेतली. कुंकू जमिनीवर सांडले. आत्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी फडके ओले केले आणि ते कुंकू त्यांनीच पुसले.

रात्री मला राहवेना. मी विचारले, "आत्या, तुम्हाला वाईट वाटलं का?" त्या म्हणाल्या, "वाईट वाटायचं ते कधीच वाटून झालं. पण इतक्या वर्षांत विचारलंस तू पहिली." त्यानंतर दोन वर्षांनी त्या गेल्या. त्या दोन संक्रांतींनाही मी त्यांना बाहेर बोलावले नाही. लोक काय म्हणतील, ही भीती. ती चूक आता दुरुस्त व्हायची नाही.

म्हणून त्या दिवशी सभेत 'ही आपली रीत आहे' हे शब्द ऐकले तेव्हा माझ्या मनात आले, आपली म्हणजे कोणाची? आत्या आपल्यातल्या नव्हत्या का? ही रीत आतून पाहायची तर मागच्या खोलीतूनही पाहिली पाहिजे. आणि या रीतीविरुद्ध बोलणारे बाहेरचे होते, हेही खरे नाही. 1882 साली ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून विचारले, की बायको मेली तर पुरुषाचे काय जाते, आणि नवरा मेला तर बाईचेच का सारे जावे. त्या बुलढाण्याच्या. इरावतीबाईंचे सासरे धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केले आणि गावाचा बहिष्कार सोसला. ते मुरूडचे. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला, की पती गेल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद. सरकारने त्याच महिन्यात इतर गावांनाही तसे करण्यास सुचवले. हेरवाडचा ठराव गावानेच केला. रीत आतल्यांनीच केलेली असते, आतल्यांनीच बदललेली असते.

मग कोणती रीत ठेवायची आणि कोणती सोडायची? मी तीन प्रश्न मनाशी धरले आहेत. पहिला: ही रीत ज्यांची आहे त्यांच्यात तिचा अर्थ काय? हे विचारल्याशिवाय हसू नये, नाक मुरडू नये. दुसरा: या रीतीचा भार कोणावर पडतो, आणि तिला आपण कधी विचारले का? तिसरा: एखादीने ही रीत पाळली नाही तर तिला सुखाने तसे राहता येते का, की तिला वाळीत टाकतात? भाभींच्या पदरालाही हेच तीन प्रश्न आणि आपल्या हळदीकुंकवालाही हेच तीन. भाभींना मी विचारले. त्या म्हणाल्या, "गावी गेल्यावर ओढते, सासूबाईंना बरं वाटतं. इथे नको वाटतो, पण सवय जात नाही." यापुढे मी त्यावर हसणार नाही, आणि 'काढून टाका' असेही म्हणणार नाही. ते त्यांचे त्या ठरवतील.

आणखी एक. या भाषणाच्या आधी मी आपल्याच वस्तीतल्या तीन भगिनींना, ज्यांचे यजमान गेले आहेत, घरी जाऊन भेटले. एक म्हणाली, "मला कुंकू हवे, मी लावणार." दुसरी म्हणाली, "मला कुंकू नको, ते माझे त्यांच्याबरोबर गेले. पण तिळगूळ घ्यायला मला तुमच्यात बसायचे आहे." तिसरी नुसती रडली. म्हणून सर्वांच्या कपाळी सरसकट कुंकू लावा, असेही मी म्हणत नाही. तीही एक जबरदस्तीच होईल. जिला जे हवे ते तिला विचारावे.

सुरुवातीला मी दाराची गोष्ट सांगितली. दार माझ्या उजव्या हाताला की आपल्या डाव्या, हे जागेवर अवलंबून आहे. त्यावर भांडू नये. पण दार उघडे आहे की लावलेले, हे उजव्या-डाव्यावर अवलंबून नाही. ते जाणायचे तर बाहेर उभी असलेलीला विचारावे लागते. तेव्हा माझी मंडळाला एवढीच विनंती आहे, की येत्या संक्रांतीच्या निमंत्रणावर 'सर्व भगिनींना' असे छापावे, आणि ते निमंत्रण त्या तिन्ही घरी आपण स्वतः नेऊन द्यावे. ठराव आला तर माझे अनुमोदन आहे.